नवा लॅपटॉप संथ चालतोय? दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा

निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आमच्या दुकानात एक तक्रार हमखास येते. लॅपटॉप नवा कोरा, खोक्यावरचे प्लास्टिकही नीट निघालेले नाही आणि क्रोम उघडायला घेतले की गोल फिरत बसते. किंमत बहुधा पंचवीस-तीस हजारांच्या आतली. 'व्हायरस असेल, फॉरमॅट मारून द्या' अशी मागणी असते. नव्या लॅपटॉपमध्ये व्हायरस क्वचितच असतो आणि फॉरमॅटने प्रत्येक वेळी फरक पडतोच असे नाही. म्हणून हे पत्रक. लॅपटॉप आमच्याकडून घेतलेला असो की ऑनलाइन मागवलेला, माहिती तीच.

आधी बिलावरची तारीख बघा

ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. अनेकदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त वस्तू बदलून मिळते, तीही दोष सिद्ध झाला तर. त्यामुळे 'बघू, वापरून वापरून सुधारेल' म्हणत पंधरा दिवस घालवू नका. मुदत चालू आहे तोवर मागचे स्क्रू उघडू नका, खोके आणि आतले पॅकिंग रद्दीत देऊ नका. खाली सांगितलेली तपासणी तासाभरात होते. ती मुदतीतच करा.

पहिल्या दिवसाच्या वेगावरून मात्र निकाल देऊ नका. नवी मशीन पहिल्यांदा इंटरनेटला जोडली की विंडोजचे अपडेट, कंपनीचे ड्रायव्हर, वनड्राइव्ह, अँटिव्हायरसची पहिली झडती आणि फाइलींची सूची करण्याचे काम असे सगळे एकदम सुरू होते. चार्जर लावून वायफायवर रात्रभर चालू ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करायला गेलात तर दिवसाचा डेटा तिथेच संपेल. सकाळी 'रीस्टार्ट' करा, 'शटडाउन' नव्हे. बऱ्याच लॅपटॉपवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असते. त्यामुळे शटडाउन केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

दुखणे नेमके कुठे आहे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' वर जा, रोजचे दोन-तीन प्रोग्राम चालू करा आणि सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क यांपैकी काय नव्वद-शंभर टक्क्यांवर अडकून बसते ते पाहा.

मेमरी अडकत असेल तर एकूण रॅम किती आहे ते वाचा. ४ जीबी असेल तर शोध तिथेच संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे. विक्रेते त्याच अटीकडे बोट दाखवतात. पण विंडोज बसण्यासाठी किती लागते एवढेच ती अट सांगते, त्यावर सुखाने काम होईल असे नाही. ४ जीबीतला निम्म्याहून अधिक भाग विंडोज स्वतःच घेते, शिवाय स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्याने थोडा हिस्सा पडद्यासाठी जातो. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. तो भरला की प्रत्येक भांडे फडताळात ठेवायचे आणि लागले की पुन्हा काढायचे, यातच वेळ जातो. म्हणून रॅम कमी असली की डिस्कही शंभर टक्के दिसते. तिथे दोष डिस्कचा नसतो.

रॅम वाढवता येईल का, हेही त्याच पानावर कळते. 'फॉर्म फॅक्टर' पुढे 'एसओडिम' लिहिलेले असेल तर रॅम स्लॉटमध्ये बसवलेली आहे, बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलमध्ये थोडी सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट मोकळा, असेही असते. अशा वेळी टास्क मॅनेजरमधला स्लॉटचा आकडा फसवू शकतो. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरचा फोटो पाठवलात तर आम्ही मॉडेल पाहून सांगतो.

आता स्टोरेज. जाहिरातीत नुसते '६४ जीबी स्टोरेज' किंवा '१२८ जीबी स्टोरेज' लिहिले असेल आणि 'एसएसडी' (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) हा शब्दच नसेल, तर आत बहुधा ईएमएमसी असते. ही मोबाइलच्या जातीची चिप. तिच्या जोडणीची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे. साटा ही जुनी जोडणी असलेल्या साध्या एसएसडीची साधारण ५५० पर्यंत जाते, एनव्हीएमई ही नवी जोडणी असलेली एसएसडी काही हजार एमबींत खेळते. त्यापेक्षा त्रासदायक म्हणजे, एकाच वेळी शेकडो बारीक फाइली हाताळायची वेळ आली की ईएमएमसी गुडघे टेकते, आणि विंडोजचे निम्मे काम तसलेच असते. भरीला ६४ जीबीतले हाती साठच्या आतच लागतात. त्यात विंडोज आणि ऑफिस बसले की पुढचे मोठे अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही. ईएमएमसी काढून बदलता येत नाही. मात्र काही लॅपटॉपमध्ये एसएसडीसाठी एम डॉट टू चा स्लॉट रिकामा सोडलेला असतो. तो निघाला तर नशीब उघडले म्हणायचे: त्यात एसएसडी टाकून विंडोज तिच्यावर बसवायचे. जुन्या साठ्यातल्या एखाद्या मॉडेलमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडीइतका सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही.

सीपीयूच अडकत असेल तर उपाय नाही. प्रोसेसर बोर्डाचाच भाग असतो. घेण्याआधी नाव वाचणे एवढेच हातात असते, आणि ही नावे मुद्दाम गोंधळात टाकायला ठेवली आहेत की काय अशी आम्हाला शंका येते. सेलेरॉन एन४०२० हा २०१९ चा, दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग), ६ वॉटचा प्रोसेसर. २०२३ पासून इंटेलने नव्या लॅपटॉपसाठी सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे बंद केली आणि सरसकट 'इंटेल प्रोसेसर' म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे नुसत्या 'इंटेल' स्टिकरवरून काहीच कळत नाही, पुढचा क्रमांक पाहावा लागतो. त्यातला एन१०० चार कोअरचा आहे. पुरेशी रॅम आणि एसएसडी सोबत असेल तर टायपिंग, ऑनलाइन वर्ग, फॉर्म भरणे यांना तो पुरतो. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. रायझन ३ ७३२०यू मधला २ म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ ची रचना. नाव नव्या वर्षाचे, गाभा जुना. तरी त्याला चार कोअर आहेत. ॲथलॉन सिल्व्हर ७१२०यू ला दोनच.

घरच्या घरी करण्यासारखे

सोबत आलेला महिनाभराचा 'ट्रायल' अँटिव्हायरस काढून टाका. तो निघाला की विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो, आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स' मध्ये जाऊन सुरुवातीलाच जागे होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा. चार्जर लावलेला असताना 'पॉवर मोड' सर्वोत्तम कामगिरीवर ठेवा.

टॅली किंवा श्रीलिपी बसतच नसेल तर विंडोज 'एस मोड' मध्ये आहे का ते पाहा. त्या मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्राम चालतात. बाहेर पडायला पैसे पडत नाहीत, पण पुन्हा आत जाता येत नाही.

'पीसी फास्ट करा' म्हणणारे क्लीनर उतरवू नका. आणि 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' असे पडद्यावर आले तर तो नंबर मायक्रोसॉफ्टचा नसतो. तिथे फोन करून कुणाला दुरून ताबा दिलात तर दुखणे लॅपटॉपवरून बँक खात्यावर जाते. तसे काही घडलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

विंडोज कोरे बसवायचे असेल तर त्याआधी सोबत मिळालेले ऑफिस तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

परत करायचे ठरले तर

'स्लो आहे' एवढ्यावर सर्व्हिस सेंटर दाद देत नाही. त्यांची हार्डवेअर चाचणी पास होते आणि विषय मिटतो. कारण लॅपटॉप बिघडलेला नसतो, मुळातच तेवढा असतो. पण जाहिरातीत एसएसडी लिहून आत ईएमएमसी निघाली किंवा ८ च्या जागी ४ जीबी रॅम निघाली, तर बाजू तुमची आहे. जाहिरातीच्या पानाचा आणि टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट ठेवा, विक्रेत्याला लेखी कळवा. त्याने ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

मुदत गेली, रॅम वाढत नाही, स्लॉटही नाही, असे असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून पाहता येते. इंटरनेट आणि टायपिंगला लॅपटॉप बराच हलका वाटतो. टॅली आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस मात्र त्यावर नेहमीसारखे चालणार नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

आमच्याकडे आणताना

चार्जर आणि बिल सोबत असू द्या. फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर काढून आणा. पिन चिठ्ठीवर लिहून देऊ नका, समोर उभे राहून स्वतः टाका. वॉरंटी चालू असेल तर रॅमसाठी झाकण उघडलेले कंपनीला चालते का, हे आधी विचारून घेऊ. काही कंपन्यांना चालते, काहींना नाही. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेले आहेत आणि सारखे हलतात, म्हणून या पत्रकात दर छापलेला नाही. फोनवर त्या दिवसाचा भाव सांगू. तुमच्या लॅपटॉपला रॅम किंवा एसएसडी बसते का, हे बघण्याचे पैसे घेत नाही.