गरम झाल्यावर दम सोडणारी चेनसॉ

मे महिन्यात पुण्यात वळवाचा पाऊस झोडपून गेला की गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्यांवर आडव्या होतात आणि चेनसॉ (साखळीच्या यांत्रिक करवती) तासन् तास चालवाव्या लागतात. मग एक तक्रार हमखास ऐकू येते. थंड असताना मशीन झकास कापतं, दहा-पंधरा मिनिटांनी मात्र त्याची ताकद जाते, कधी ते बंदच पडतं. थोडं निवलं की पुन्हा ठणठणीत.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) ‘एच’ स्क्रू, म्हणजे जास्त वेगावर किती पेट्रोल जावं हे ठरवणारा स्क्रू, फिरवणं. तो सगळ्यात शेवटी करावा, कारण स्क्रूने खरा बिघाड झाकला जातो. शिवाय हा दोष थंड मशीनवर सापडत नाही. ताकद गेली त्याच क्षणी तपासायला हवं.

रेस देत राहू नका. मशीन बंद करून पेट्रोलच्या टाकीचं झाकण सावकाश सैल करा, पण ठिणगी आणि तापलेल्या सायलेन्सरपासून जपून. हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि मशीन पुन्हा नीट चालू लागलं, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची वाट, तुंबला आहे. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. दुरुस्ती स्वस्त आहे. त्याच वेळी टाकीतला फिल्टरही बदलून टाका.

मशीन बंदच पडलं असेल, तर ते गरम असतानाच स्पार्क टेस्टर लावून दोरी ओढा. ठिणगी गायब असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल, तर ठिणगी पाडणारी कॉइल गेली. आतली केसासारखी बारीक तार उष्णतेने प्रसरण पावते आणि तिच्यातली सूक्ष्म भेग उघडते. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या फिरत्या चाकापासून) साधारण ०.३ मिमी अंतर ठेवा. प्लगचा गॅप ०.५ मिमी.

ठिणगी चांगली असेल, तर सायलेन्सरची जाळी आणि सिलिंडरचे पंख पाहा. ओला भुसा आणि चेनचं तेल यांचा थर पंखांत घट्ट बसला की पंख्याची हवा आत पोचतच नाही.

सगळ्यात घातक कारण हवेची गळती. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसच (क्रँकभोवतीचा बंद कप्पा) मिश्रण ढकलणाऱ्या पंपाचं काम करतो. क्रँकचं ऑइल सील किंवा इनटेकचा रबरी बूट कडक झाला, चिरला, की तिथून जास्तीची हवा शिरते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. गरम झाल्यावर ही फट बरेचदा वाढते. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासतो. खूण ओळखायला सोपी: ट्रिगर सोडल्यावर वेग खाली यायला वेळ लागतो, मशीन कलतं केलं की आयडल (ट्रिगर न दाबता चालण्याचा वेग) बदलतं. खात्रीसाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सुमारे ०.५ बार हवा भरतात आणि साबणाच्या पाण्याने गळती शोधतात. व्हॅक्यूम लावूनही पाहायला हवं, कारण काही सील एकाच दिशेने गळतात. सायलेन्सर काढून पिस्टनही बघा. उभे ओरखडे असतील तर केवळ सील बदलून भागणार नाही.

पेट्रोलकडे दुर्लक्ष फार होतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर बहुतेक चेनसॉ १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेल्या असतात. जादा इथेनॉलने मिश्रण आणखी लीन होतं, नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे कडक होतात. म्हणून पेट्रोल ताजं घ्या आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करा. ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी तेल, अंदाजाने नव्हे, मापाने.

एवढं झाल्यावर स्क्रू. मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या मूळ जागेवर, बहुधा बंद अवस्थेपासून एक फेरा उघडून, सुरुवात करा आणि टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) लावून कमाल वेग मर्यादेत ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथल्या हवेला जेमतेम पुरेल असं लावलेलं मशीन कोकणात उतरवलं, की दाट हवेत ते किंचित लीन चालतं. तिथे ‘एच’ थोडा उघडावा लागतो.