दीर्घकालीन अतिसाराची व्याख्या आणि २०० ग्रॅमची रेषा

जुलाब किती दिवस चालले म्हणजे अतिसार दीर्घकालीन मानायचा, या प्रश्नावर आज फारसा वाद नाही. निरोगी प्रौढाला जंतुसंसर्गाने होणारे बहुतेक जुलाब चार आठवड्यांच्या आत थांबतात. त्यापुढेही ते चालू राहिले तर शोषणातील दोष, आतड्याचा दाह, चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तक्षारांची गडबड, थायरॉईड किंवा चालू असलेली औषधे यांच्याकडे पाहावे लागते, म्हणून चार आठवड्यांची मर्यादा रूढ झाली. बालरोगात मात्र १४ दिवसांची रेषा मानली जाते आणि त्यापुढच्या संसर्गजन्य जुलाबांना ‘लांबलेला अतिसार’ म्हणतात, कारण कुपोषित मुलाच्या जिवावर बेतण्यास दोन आठवडेही पुरतात.

खरा गुंता झाला तो अतिसार म्हणजे काय हे ठरवताना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य रुग्णालयांनी त्यासाठी वजनाचा निकष धरला आणि दिवसाला २०० ग्रॅमपेक्षा जास्त मल म्हणजे अतिसार, असे पाठ्यपुस्तकांत छापले जाऊ लागले. यामागे एक पद्धत होती. रुग्णाला रोज सुमारे १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असलेला आहार द्यायचा, ७२ तासांचा सगळा मल आधी वजन करून ठेवलेल्या डब्यात जमा करायचा आणि त्याचे वजन व त्यातील चरबी मोजायची. चरबी दिवसाला ७ ग्रॅमच्या वर गेली की शोषणात दोष आहे, असे समजले जाई. डबा घेऊन तीन दिवस हिंडणे रुग्णाला नकोसे होई आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यालाही त्या कामाची हौस नसे, पण हाती निश्चित आकडा येई.

तो आकडा कोणाच्या ताटावरून आला होता, हे मात्र पुरेसे विचारले गेले नाही. मैदा, मांस आणि दूध यांवर पोसलेल्या शरीराला २०० ग्रॅम ही वरची मर्यादा म्हणून लागू पडते. ग्रामीण आफ्रिकेत निरोगी माणसांच्या मलाचे वजन ४०० ग्रॅमच्याही पुढे भरल्याच्या नोंदी १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाल्या, आणि उत्तर भारतातील निरोगी प्रौढांची सरासरीही ३०० ग्रॅमच्या आसपास आढळली. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी रोज खाणारा धडधाकट माणूस या व्याख्येने सहज रुग्ण ठरला असता, तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे पाण्यासारखे होऊन हैराण झालेला माणूस, वजन भरत नाही म्हणून, निरोगी ठरला असता. एका आहारपद्धतीची मर्यादा साऱ्या जगाची मर्यादा म्हणून वापरणे ही या व्याख्येची मूळ चूकच होती.

पुढे भर मलाच्या घट्ट-पातळपणावर आला. मलाचे अगदी घट्ट (पहिला) ते पाण्यासारखा (सातवा) असे सात प्रकार चित्रांसह दाखवणारा ब्रिस्टल तक्ता १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रुग्णाला बोट ठेवून सांगण्याची सोय झाली. ज्यात कोणताही अवयवदोष सापडत नाही अशा अतिसारासाठी २००६ च्या रोम निकषांनी (अशा पचनविकारांच्या निदानासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या कसोट्यांनी) किमान ७५ टक्के वेळा पातळ मल होणे आवश्यक मानले होते. २०१६ मध्ये ही अट २५ टक्क्यांहून अधिक इतकी खाली आली. ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला तीन किंवा अधिक पातळ शौचांच्या जोडीला २०० ग्रॅमचा उल्लेख अजून होता. २०१८ च्या आवृत्तीत मात्र व्यक्तीच्या नेहमीच्या सवयीपेक्षा वेगळा, तक्त्यातील पाच ते सात या प्रकारांत मोडणारा आणि अधिक वेळा होणारा मल चार आठवड्यांहून जास्त टिकणे, अशी मांडणी करण्यात आली.

वजनाचा काटा व्याख्येतून बाहेर गेला असला तरी तपासणीत त्याला जागा आहे. निदान अडले की रुग्णाला दाखल करून उपाशी ठेवले जाते आणि मल मोजला जातो: उपवासात मलाचे वजन झपाट्याने घटले तर न पचलेला एखादा पदार्थ आतड्यात पाणी ओढून धरत असल्याचा संशय येतो, आणि घटले नाही तर आतडे स्वतःच पाणी स्रवत असण्याची शक्यता वाढते.