पुठ्ठा उचलण्याआधीची स्तब्धता

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉइड क्रॉस आणि शिल्पकार जेरी पेथिक यांनी होलोग्राफी, म्हणजे लेसरच्या प्रकाशात वस्तूचे त्रिमितीय चित्र (होलोग्राम) टिपण्याची विद्या, शिकवणारी एक शाळा काढली. प्रयोगशाळांत या कामासाठी वापरली जाणारी कंपनरोधक टेबले कलावंतांच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून त्यांनी मोटारीच्या हवा भरलेल्या ट्यूबवर एक मोठी लाकडी पेटी ठेवली, ती वाळूने भरली, प्लास्टिकच्या पाइपांच्या टोकांना आरसे आणि भिंगे चिकटवली आणि ते पाइप वाळूत रोवले. रस्त्यावरच्या वाहनांची थरथर ट्यूब आणि वाळू यांच्यातच जिरून जाई. होलोग्रामच्या इतिहासात मला सर्वांत आवडणारे उपकरण हेच, कारण या कामातली खरी अडचण त्यात उघड दिसते.

ही अडचण समजण्यासाठी सर्वांत साधी मांडणी पाहू. ती सोव्हिएत शास्त्रज्ञ युरी डेनिस्यूक यांनी 1962 मध्ये मांडली. हेलियम-निऑन लेसरची लाल शलाका भिंगाने पसरवून सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशाने काळवंडणाऱ्या चांदीच्या क्षाराचा अतिसूक्ष्म कणांचा लेप दिलेल्या काचेवर सोडतात आणि काचेच्या मागे, अगदी जवळ, एखादे नाणे ठेवतात. काचेतून पार झालेला प्रकाश नाण्यावरून परततो आणि समोरून येणाऱ्या प्रकाशाला लेपातच भेटतो. जेथे दोन्ही तरंगांचे शिखरांशी शिखर जुळते तेथे लेप काळवंडतो, जेथे शिखराशी दरी येते तेथे तो कोराच राहतो. 632.8 नॅनोमीटर तरंगलांबीच्या या प्रकाशात असे दोन थर एकमेकांपासून जेमतेम 0.2 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, 1000 नॅनोमीटर) पडतात, म्हणजे 7 मायक्रॉन जाडीच्या लेपात तीसेक थर मावतात. प्रकाश नाण्यापर्यंत जाऊन परत येत असल्यामुळे नाणे केवळ पाव तरंगलांबीइतके, म्हणजे सुमारे 158 नॅनोमीटर, मागे सरकले तरी प्रकाशाची वाट अर्ध्या तरंगलांबीने वाढते आणि काळ्याच्या जागी कोरे, कोऱ्याच्या जागी काळे येऊन सगळी नोंद पुसली जाते.

म्हणूनच स्टुडिओत पंखा आणि वातानुकूलन बंद करतात, मंद हिरव्या दिव्यात काच बसवतात आणि काही मिनिटे कोणीही बोलत नाही. शटर म्हणून बहुधा काळा पुठ्ठाच असतो. तो आधी टेबलावरून बोटभर उचलून शलाकेच्या आडच धरतात, त्या हालचालीने उठलेली थरथर विरू देतात आणि मगच बाजूला घेतात. काही सेकंदांनी पुठ्ठा पुन्हा आड येतो. इतके करूनही नाणे किंचित डुलले असेल, तर चित्र अस्पष्ट येत नाही. नाण्याच्या आकाराची काळी पोकळी उरते. झाडाचे पान, कापड किंवा हाताचा पंजा या मांडणीत असाच गायब होतो.

माणसाचा होलोग्राम मग कसा घ्यायचा? 1967 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स सीबर्ट यांनी रुबी लेसरचा स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, वापरून स्वतःचा होलोग्राम घेतला. हा स्पंद सेकंदाच्या एक कोट्यांशाहूनही कमी काळ टिकतो, त्यामुळे धडधडते हृदयसुद्धा त्याच्या लेखी स्थिरच असते. मात्र लाल प्रकाश कातडीत थोडा आत शिरतो, त्यामुळे अशा होलोग्राममधले चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे भासतात. (2014 च्या लोकसभा प्रचारात सभांच्या मंचांवर जे ‘होलोग्राम’ अवतरले, त्यांचा या विद्येशी संबंध नव्हता, पारदर्शक पडद्यावर पाडलेले ते प्रतिबिंब होते, आणि ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांना ठाऊक होती.)

काच रसायनांतून धुऊन काढल्यावर हाती येते ती एक ओली, निराशाजनक काच. चित्राचा रंग थरांमधल्या अंतरावर ठरतो; लेपातले जिलेटिन पाण्याने फुगल्यामुळे थर एकमेकांपासून दूर गेलेले असतात आणि ज्या रंगात चित्र उमटायला हवे, तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापलीकडे सरकलेला असतो. केस वाळवण्याच्या यंत्राचा कोमट झोत फिरवला, की कोपऱ्यातून प्रथम गडद लाल रंगाची एक कड वर येते, मग नारिंगी, आणि जिलेटिन मूळच्यापेक्षाही आक्रसले तर लाल लेसरने टिपलेले नाणे शेवटी पिवळसर हिरवे दिसू लागते. त्यावर हळूच श्वास सोडला, की ते पुन्हा क्षणभर लालसर होते.