भोक आज, तडा पंधरा दिवसांनी

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलातली ‘अ‍ॅक्वाडोम’ ही माशांची अवाढव्य टाकी फुटली आणि सुमारे दहा लाख लिटर पाणी वाहून गेलं. टाकी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची होती. ती का फुटली हे तपासातही नक्की ठरलं नाही. तरी ‘काच फुटते, अ‍ॅक्रिलिक नाही’ हा समज काही जात नाही. त्या भरवशावर सम्पचा (पाणी गाळणाऱ्या खालच्या टाकीचा) पाइप काढण्यासाठी लोक घरातलं ड्रिल बेधडक माशांच्या अ‍ॅक्रिलिक टाकीला लावतात. लाकडात चालतं, मग इथे का नाही?

चालतं की. भोक पडतंही. खरी गंमत नंतर असते.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे लांबलचक रेणुसाखळ्यांचा गुंता. १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो मऊ पडतो. त्यात हा पदार्थ उष्णतेचा मंदवाहक, त्यामुळे बिटच्या घर्षणाची उष्णता पसरत नाही, भोकाच्या कडेलाच साचते. तापलेली कड फुगू पाहते, पण भोवतालचं थंड अ‍ॅक्रिलिक तिला जागा देत नाही. मऊ झालेली कड मग जागच्या जागी दबते. बिट काढलं की ती निवते, आखडू लागते, आणि आता भोवताल तिला आखडूही देत नाही. एक मीटरची मोकळी अ‍ॅक्रिलिक पट्टी ७५ अंशांनी निवली तर सुमारे ५ मिलिमीटर आखडते, काचेची पट्टी एक मिलिमीटरही नाही. हे आखडणं अडलं की त्याचा ताण होऊन कडेत मुक्काम ठोकतो, टाकीत पाण्याचा थेंब नसतानाही.

पाणी भरलं की दुसरा ताण. किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ साली गणिताने दाखवलं, की एका दिशेने ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक असेल तर कडेवरचा ताण तिप्पट होतो. भोक लहान पाडलं तरी तिप्पटच!

एवढ्यानेही टाकी लगेच तडकत नाही. साखळ्या हळूहळू ओढल्या जातात, मधे सूक्ष्म पोकळ्या पडतात आणि दोन बाजूंना सांधणारे अतिसूक्ष्म धागे उरतात. उजेडात तिरकं पाहिलं तर भोकाभोवती चंदेरी रेषा चमकतात. ती अजून भेग नव्हे, धागे भार पेलत असतात. अशात कुणी स्पिरिटने कड पुसली, की अल्कोहोल पोकळ्यांत शिरून साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं. धागे तुटतात, रेषेची भेग होते. ताण नसलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तेच स्पिरिट सहसा काही करत नाही. म्हणून टाकी ‘आपोआप’ तडकल्यासारखी वाटते, आणि मग नजर लागली, ईशान्येला ठेवली नव्हती, घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं, ही सगळी चर्चा सुरू होते. ताण दिशेत नसतो हो, कडेत असतो.

तो पाहताही येतो. रिकाम्या टाकीमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरा आणि पोलराइज्ड गॉगल फिरवत बघा: भोकाभोवती रंगीत पट्टे दिसले, तर तिथे ताण आहे.

तर भोक पाडताना सगळी धडपड कड थंड ठेवण्याची. संरक्षक कागद तसाच राहू द्या, मागे लाकडी फळी क्लॅम्पने घट्ट आवळा. धातूसाठीचं नेहमीचं बिट प्लॅस्टिकमध्ये स्क्रूसारखं आत ओढलं जातं आणि पलीकडे निघताना टवका उडवतं, म्हणून प्लॅस्टिकसाठीचं बिट किंवा धारदार होल सॉ (वाटीसारखी गोल करवत) घ्या. भोक टाकीच्या कडेपासून निदान त्याच्या व्यासाइतकं आत हवं. वेग कमी ठेवा. थोडं कापा, बाहेर काढा, कीस झाडा, पाणी शिंपडा. (पाण्याशी गाठ आहे, तेव्हा ड्रिल बॅटरीवरचंच.) पांढरा कीस सुटा पडतोय तोवर ठीक. दातांना चिकट गोळा लागला की कड वितळते आहे, थांबा.

आणि पीव्हीसीच्या पाइपचं सोल्यूशन टाकीपासून लांब, आधीच लावून पूर्ण वाळू द्या. त्यातली द्रावकं स्पिरिटपेक्षा जहाल असतात, एक ओघळ भोकाच्या कडेवर आला तरी पुरतो.