काटा हलतो, मग आकडा का नाही?

म्हापशात काय नि मडगावात काय, जुनी गाडी बघायला गेलं की ‘फक्त 38 हजार झालीय’ हे ऐकायला मिळतंच. आकडा खराही असेल. फक्त मीटर कधीपासून बंद आहे ते कुणी सांगत नाही. ‘अख्खा मीटर बदलावा लागेल’ या भीतीने लोक वर्षानुवर्षं तशीच गाडी हाकतात. आधी एवढंच बघा: वेगाचा काटा हलतो का?

मारुती 800 सारख्या केबलवाल्या गाडीत गिअरबॉक्सकडून आलेली एकच केबल वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही चालवते, पण रीत वेगळी. काट्याची तर लाजवाब. केबलच्या टोकाशी लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा. चुंबक वाटीला शिवतसुद्धा नाही, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. मग वाटी वळते कशी? फिरत्या चुंबकाचं बदलतं क्षेत्र धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे वीजप्रवाह, निर्माण करतं. लेंझच्या नियमाप्रमाणे हे प्रवाह आपल्या कारणालाच, म्हणजे चुंबक आणि वाटीच्या सापेक्ष गतीला, विरोध करतात. म्हणून वाटी चुंबकामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला उलट खेचते. दोन्ही बळं जिथे सारखी होतात तिथे काटा स्थिरावतो. स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं.

आकडे मात्र दात्यांवर चालतात. काटा हलतोय आणि आकडा ठप्प, म्हणजे केबल ठणठणीत. मीटरमधल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते गेले. चालत्या गाडीत ट्रिपचं, म्हणजे एका फेरीचे आकडे शून्यावर आणायचं, बटण दाबायची खोड याला हातभार लावते.

दोन्ही बंद असतील तर मीटरमागची केबल सोडवा आणि गाडी न्यूट्रलला टाकून कुणाला तरी ढकलायला सांगा. आतल्या तारेचं टोक फिरलं नाही तर केबल तुटलीय किंवा गिअरबॉक्सकडचा गिअर झिजलाय. आपल्या पावसात केबलच्या आवरणात पाणी शिरतं, ग्रीस निघून जातं, तार गंजते. तुटण्याआधी काटा थरथरायला लागतो. पुढे बांधलेल्या लिंबू-मिरचीचा इथे उपयोग नाही, रस गळून पत्रा तेवढा गंजेल.

नव्या गाड्यांत केबल नसते. वेग ओळखणाऱ्या सेन्सरचे विद्युत-ठोके मोजून काटा आणि आकडे दोन्ही चालतात. दोन्ही एकदम गेले तर आधी सेन्सरचा कनेक्टर उघडा. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीत पिनांवर हिरवट थर सापडू शकतो. नुसते आकडेच दिसेनासे झाले तर डिस्प्ले तपासा.

केबलचा मीटर दुरुस्त झाला तरी आकडा थांबला होता तिथूनच पुढे सरकतो. मधल्या किलोमीटरांचा अंदाज सर्व्हिसच्या वहीत टिपून ठेवा, ऑइल कधी बदलायचं ते त्यावरही ठरतं.