घासीव काचसांधा

काचेच्या दोन भागांची एकाच उताराची, घासून धुरकट केलेली तोंडे एकमेकांत बसवून बुचाशिवाय हवाबंद जोड साधण्याच्या रचनेला घासीव काचसांधा म्हणतात. आत जाणारा भाग कोन आणि त्याला सामावून घेणारा भाग सॉकेट. चंबू, कंडेन्सर (वाफ थंड करून तिचा द्रव करणारी नळी), थर्मामीटरची नळी अशी सुटी अंगे या सांध्यांनी जोडली की ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून गोळा करण्याचा, पूर्ण संच उभा राहतो.

सांध्याचे माप दोन आकड्यांनी सांगतात. 24/29 म्हणजे घासलेल्या भागाच्या रुंद टोकाचा व्यास 24 मिमी आणि त्याची लांबी 29 मिमी. उतार सर्वत्र सारखाच, दर 10 मिमी लांबीला व्यासात 1 मिमी घट, म्हणून या सांध्याचे अरुंद टोक सुमारे 21 मिमीचे असते. आपल्याकडे प्रयोगशाळेत हेच माप ‘बी-24’ या नावाने मागतात. बी-14 (14/23) आणि बी-19 (19/26) यांच्या नावातले आकडे मात्र फसवे आहेत, कारण त्यांचे प्रत्यक्ष व्यास अनुक्रमे 14.5 आणि 18.8 मिमी आहेत. पाण्यातून धूर ओढण्याच्या काचेच्या नळ्यांनाही हेच सांधे असतात आणि तिथे 18.8 मिमीच्या सांध्याला कोणी 18 म्हणतो, कोणी 19, वस्तू एकच. त्यामुळे खरेदीपूर्वी नावावर विसंबण्यापेक्षा घासलेल्या भागाचे रुंद टोक व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या सरकत्या पट्टीने) मोजलेले बरे. व्यास जुळला आणि लांबी वेगळी असली, जसे 14/20 आणि 14/23, तरी सांधा बसतो. फक्त काही घासलेला भाग उघडा राहतो. व्यासच वेगळा असेल तर मध्ये अडॅप्टर, म्हणजे दोन मापांना जोडणारा तुकडा, घालावा लागतो.

नाशिक परिसरात या सांध्याचे महत्त्व वाइनमुळे विशेष जाणवते. दिंडोरी, गंगापूर, विंचूर या भागांतील वाइनरींमध्ये मद्यार्काचे प्रमाण काढण्याची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे मोजून घेतलेल्या वाइनचे ऊर्ध्वपातन करून, जमलेला द्रव पाणी घालून मूळ आकारमानाइतका करून 20 अंश सेल्सियसला त्याची घनता पाहणे. चंबू आणि कंडेन्सर यांमधला सांधा किंचित जरी गळला तरी मद्यार्काची वाफ निसटते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. उन्हाळ्यात नाशिकचे नळाचे पाणीही कोमट असते, तेव्हा द्रव 20 अंशांवर आणण्याचे काम वेगळे करावे लागते. सांध्याची गळती मात्र कोणत्याही ऋतूत तेवढीच नडते.

सांधा नीट बसला की नाही हे डोळ्यांनी कळते. कोनाच्या वरच्या भागाला ग्रीसचा पातळ थर लावून सॉकेटमध्ये हलके फिरवावा. थर सगळीकडे पसरला की धुरकट काच पारदर्शक दिसू लागते आणि जिथे पांढरा पट्टा उरतो तिथे कोरडे आहे असे समजावे. ग्रीस जास्त झाले तर ते आत उतरून नमुन्यात मिसळते. जोड सुटू नये म्हणून प्लास्टिकची क्लिप लावतात. तिचा रंग मापाप्रमाणे ठरलेला असतो: 14 ला पिवळा, 19 ला निळा, 24 ला हिरवा, 29 ला लाल.

सांधा अडकण्याची मुख्य कारणे दोन. कॉस्टिक सोड्यासारखा अल्क घासलेल्या काचेला खातो आणि दोन्ही भाग चिकटवून टाकतो. गरम सॉकेट थंड कोनावर बसवले तर निवताना ते आकसून कोनाला आवळते. दुसऱ्या प्रकारात सॉकेट बाहेरून कोमट करून लाकडाने हलके ठोकले तर बहुधा सुटते. अल्काने चिकटलेला सांधा क्वचितच सुटतो, त्यामुळे अल्काच्या बाटलीला काचेचे नव्हे, रबराचे बूच लावतात.

हे सांधे बहुतेक बोरोसिलिकेट काचेचे असतात. तिचा प्रसरण गुणांक, म्हणजे तापल्यावर लांबी वाढण्याचे प्रमाण, दर अंशाला सुमारे 3.3 दशलक्षांश, म्हणजे खिडकीच्या सोडा-चुना काचेच्या साधारण एक तृतीयांश असतो.