स्वस्त, पण कशाच्या हिशेबाने?

साधारण ७० किलो वजनाच्या, बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्या माणसाला वर्षभर पुरेल आणि पोषणात कुठे उणा पडणार नाही असा आहार कमीत कमी किती पैशांत बसवता येईल? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ साली हे गणित मांडलं. ७७ पदार्थांचे भाव आणि नऊ पोषक घटकांची गरज एवढंच त्यांच्या हाती होतं. बाकी सगळं चिकाटीवर. उत्तरात पाचच पदार्थ उरले: गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि पांढऱ्या घेवड्याचे वाळलेले दाणे. दोन वर्षांनी जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाच्या नव्या पद्धतीने नऊ जणांनी हाताने चालवायच्या यंत्रांवर १२० मनुष्यदिवस खर्चून तेच गणित पुन्हा सोडवलं. स्टिगलर यांचं उत्तर एका टक्क्यानेही चुकलेलं नव्हतं.

ही यादी कुणी खरोखर वर्षभर खावी असं स्टिगलर यांनाही म्हणायचं नव्हतं. तोंडाला चव नावाची गोष्ट असते. पण पिठापासून पालकापर्यंत त्या यादीत निकस असं काहीच नाही. तरीही पौष्टिक खाणं महाग, ही समजूत काही जात नाही. माझ्या मते घोळ भावात नाही, भावाच्या खालच्या छेदात आहे. आपण किंमत कशाने भागतो?

कॅलरीने भागली तर साखर, तेल आणि मैदा कायम जिंकणार आणि पालेभाजी दिवाळखोर ठरणार. पण कॅलरींसाठी पालेभाजी घेतं कोण? वजनाने भागली तर वेगळीच फसगत होते, कारण वजनात पाणी असतं. काकडीत ते सुमारे ९५ टक्के, दुधात ८७ टक्के, तर कोरड्या कडधान्यात जेमतेम दहा-बारा टक्के. किलोभर हरभरे भिजून शिजले की दोन किलोंच्या वर भरतात. म्हणजे सुट्या कडधान्यांच्या पाटीवरचा भाव कोरड्या मालाचा, आणि शिजवून डबाबंद केलेल्यांचा निम्म्याहून जास्त पाण्याचा. दोन्ही पाट्या शेजारी ठेवून तुलना केली तर उत्तर चुकणारच.

प्रथिनांनी भागाकार केला की चित्र एकदम पालटतं. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. म्हणजे मूठ-दोन मुठी दाण्यांत साडेतीन-चार अंड्यांचा ऐवज. अर्थात अंड्यातली प्रथिनं जास्त चांगली पचतात, आणि कडधान्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. पण तृणधान्यांत मेथिओनिन पुरेसं असून लायसिन तोकडं, तर कडधान्यांत लायसिन भरपूर. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, तेही एकाच घासात असायला हवं असं नाही, दिवसभरात मिळालं तरी चालतं. कडधान्यातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही ही तक्रार खरी आहे. सोबत क जीवनसत्त्व असलेलं काही, अगदी लिंबू पिळलं तरी, शोषण वाढतं. एक इशारा मात्र देतो: राजमा कच्चट ठेवू नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, खळखळून उकळावाच लागतो.

सगळ्यात दुर्लक्षित छेद म्हणजे प्रत्यक्ष पोटात गेलेलं अन्न. घेतलेल्या भाजीतली चतुर्थांश फेकली तर तिचा खरा भाव एक तृतीयांशाने वाढला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांमधून. फ्रोजन भाज्यांकडे नाक मुरडणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. त्या काढणीनंतर लवकर उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात. ताज्या पालकातलं क जीवनसत्त्व मात्र काही दिवसांत झपाट्याने घटतं. शिवाय हवी तेवढीच मूठ काढता येते.

तयार पाकिटांचं काय? २०१९ मध्ये अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं. पाकीटबंद आहारावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. कॅलरीमागे पाहिलं तर साधं अन्नच महाग पडलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जास्तीच्या ५०० कॅलरीही कुणीतरी विकतच आणाव्या लागतात.

डँट्झिग यांनी पुढे स्वतःचं वजन उतरवायला संगणकाकडून आहार मागितला. पाणी वजा करून जे अन्न सर्वांत जड भरेल त्याने पोट भरल्यासारखं वाटेल, असा त्यांचा हिशेब. संगणकाने शेकडो गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं, कारण तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य लिहिलेलं होतं. ते दुरुस्त केल्यावर सूपच्या २०० खारट वड्या निघाल्या. मिठाला मर्यादा घालायची राहिली होती. अखेर पत्नी ॲन यांनी संगणकाच्या यादीतलं पटेल तेवढंच उचललं आणि जेवण स्वतः ठरवायला घेतलं. वजन उतरलं.